जहाजाची अकरा नाणी

आमच्या गावात कुणाला एखादं विचित्र नाणं सापडलं, की तो ते रुमालात बांधून वजनकाकांकडे नेतो. वजनकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. बसस्थानकावर, दवाखान्यात, सिनेमागृहाच्या जिन्याखाली पूर्वी उंच लाल यंत्रं असत. वर उभं राहायचं, फटीत नाणं टाकायचं, आत काहीतरी घरंगळत जायचं आणि वजनाचं जाड तिकीट खाली पडायचं. ती यंत्रं उघडायची, पुसायची, अडलेलं सोडवायचं हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं त्यांनी ते केलं. स्वतः इतके किडकिडीत, की यंत्रावर उभे राहिले तर काटा हलेल की नाही अशी शंका यावी.

या नावाचा सगळ्यात जास्त राग त्यांच्या बायकोला. ती अंगाने भरलेली, आणि नवऱ्यामुळे सारं गाव तिला वजनकाकू म्हणतं.

“नाव ह्यांना पडलं आणि शोभतं मला,” ती म्हणते. “नव्या माणसाला वाटतं, माझ्याकडे बघूनच ठेवलंय.”

त्यांची माझी ओळख झाली तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तेहेतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही सकाळी साडेदहाला माझे पाय आपोआप उचलले जायचे आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एखादं भांडं विसळून परत यायचे. घरात बोलायला कुणी नव्हतं. यजमान आदल्या वर्षीच गेले होते. डॉक्टर म्हणाले, बाई, वजन घटतंय तुमचं, लक्ष ठेवा. म्हणून मी बसस्थानकावरच्या यंत्रावर चढले, नाणं टाकलं, आणि ते अडकलं.

योगायोगाने काका शेजारच्याच यंत्राला तेल देत होते. त्यांनी किल्लीने दार उघडलं, चिमट्याने नाणं काढलं, खिशातलं दुसरं नाणं आत टाकून मला तिकीट दिलं, आणि माझं नाणं कागदात गुंडाळायला लागले. शाळेतली सवय माझी, लगेच टोकायची.

“ते माझं आहे,” मी म्हणाले.

“तुमचंच आहे, देतो ना. पण आधी बघा तर खरं.” त्यांनी गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. “डोळ्याला चिकटवा. नाणं डोळ्याकडे आणा, डोळा नाण्याकडे नको. आणि कडेला धरा हो, चित्रावर बोट लावू नका.”

नाण्याचा एका बाजूचा घास गेलेला होता. बिस्किट एकदाच चावून खाली ठेवावं तसा.

“कुणीतरी कातरलंय,” मी म्हणाले.

“सगळे तेच म्हणतात. आता घास गेलाय त्याच्या बरोबर समोर बघा. काय दिसतं?”

समोरची कड फिकट होती, जवळजवळ पुसलेली. बाकी सगळीकडे उभी, रेखीव. मी तसं सांगितलं.

काकांचा चेहरा एकदम खुलला. हुशार मुलाने उत्तर बरोबर दिल्यावर माझा खुलायचा तसा. ते यंत्राच्या पायरीवर बसलेच. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कशा कापतात, कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही तर आधीच्या भोकावरच कातर पडून चकतीचा तुकडा कसा जातो, मग त्या चकत्या दोन पोलादी कडांमध्ये फिरवून त्यांची किनार कशी उभी करतात, हे सगळं त्यांनी हातांनी दाखवलं. “एका बाजूला धातूच नाही, म्हणून समोरच्या बाजूला दाब बसत नाही. समोरची किनार उठत नाही. घरी कुणी कातरलं असतं तर समोरची कड धडधाकट राहिली असती. हे नाणं बिघडवलेलं नाही बाई, जन्मालाच असं आलंय.”

माझी बस त्या दिवशी चुकली. मला त्याचं काही वाटलं नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं, की हे वेड मलाही लागणार.

काकांचं शिक्षण असं यंत्रांमधूनच झालं होतं. नीट नाणं फटीतून सरळ जातं. अडतं ते जाड, वाकडं, अर्धवट. कंपनी अशी नाणी परत घेत नसे. काका प्रत्येक अडलेल्या नाण्याबद्दल आपल्या खिशातलं चांगलं नाणं पेटीत टाकत आणि वाकडं घरी नेत. आधी हौस म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं, की यातली बरीचशी नाणी लोकांनी ठोकलेली, घासलेली, रुळावर ठेवलेली आहेत, पण थोडी अशी आहेत की त्यांना माणसाचा हातच लागलेला नाही. ती वेगळी कशी काढायची, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. त्यावरची पुस्तकं त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत नव्हती. एकेका नाण्याकडे बघत, मनाशी विचारत, त्यांनी आपली आपण शाळा काढली आणि तिची सगळी परीक्षा आपणच दिली.

रविवारी सकाळी दहा ते बारा सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते बसत. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल, त्यावर जाड घोंगडीचा तुकडा, नाणं हातून पडलं तरी त्याला पोचा पडू नये म्हणून. मी तिथे जाऊ लागले तेव्हा दोघे होतेच. एक औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे औषधवाले म्हणतात. त्यांची जीभ त्यांच्या दुकानातल्या काढ्यांपेक्षा कडू आहे. दुसरा एसटीचा नव्हे, कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर, माणूस मोठा भाबडा आणि आवाज तसाच मोठा. वाचनालयात “शांतता राखा” अशी पाटी आहे ती त्याच्यासाठीच लावली, असं औषधवाले म्हणतात.

काका शिकवत ते असं. नाणं पुसायचं नाही. कितीही मळलेलं असो, पुसायचं नाही. मी पहिल्याच आठवड्यात एक नाणं राखेने घासून लख्ख करून नेलं होतं. काकांनी ते उलटसुलट करून बघितलं.

औषधवाले म्हणाले, “बाईंनी त्याला आंघोळ घातली. आता त्याचं बारसं करू या.”

“असू दे,” काका म्हणाले. “हे नाणं घासलेलं कसं दिसतं ते दाखवायला ठेवू.” आणि खरंच ठेवलं. अजून आहे. नव्या माणसाला ते आधी दाखवतात, पण कुणाचं आहे ते सांगत नाहीत.

मग चूक वेगळी आणि प्रकार वेगळा, हे त्यांनी समजावलं. आमच्याकडचं जे मधल्या किमतीचं नाणं आहे, पक्ष्याच्या चित्राचं, त्याच्या एका वर्षाच्या नाण्यांत शेवटचा आकडा कधी पक्ष्याच्या पायाला खेटून असतो तर कधी सुटा. दोन्ही नाणी बरोबर. ठसे दोन होते, इतकंच. मला ते लगेच पटलं. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांना दोन बाई एकच धडा शिकवतात. फळ्यावरची अक्षरं वेगळी असतात, म्हणून एक धडा खोटा ठरत नाही. मी हे म्हणाले तेव्हा काकांनी पेन्सिलीने ते आपल्या वहीत लिहून घेतलं. तेहेतीस वर्षांत माझं वाक्य कुणी खुशीने लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

सहा महिन्यांनी मला माझं पहिलं नाणं सापडलं. भाजीवालीने दिलेल्या सुट्ट्यांत मोठं नाणं होतं, जहाजाच्या चित्राचं. त्याच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी भिंगातून आकड्यांची दुसरी सावली दिसत होती. रविवारची वाट बघवेना. रविवारी काकांनी ते खिडकीशी नेलं, फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, “दुहेरी ठसा.”

दुहेरी ठसा म्हणजे नाण्याचा नाही, ठशाचा दोष. ठसा तयार करतानाच त्यावर चित्र दोनदा, जरा हुकून उमटलेलं. मग त्या ठशाने पाडलेलं प्रत्येक नाणं तसंच दुहेरी. फार कमी सापडतात. काकांजवळ स्वतःची अशी जहाजाची दोन होती, त्याच वर्षी सापडलेली. माझं तिसरं.

मी घरी जाऊन यजमानांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं. एवढं म्हणते, पुढचं सांगत नाही.

पुढच्या सात वर्षांत अशी अकरा नाणी जमली. काकांची चार, औषधवाल्यांची तीन, माझी दोन, ग्रंथपालांचं एक आणि ड्रायव्हरचं एक. ड्रायव्हरने आपलं चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं. “सासरे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा ‘या बसा’ म्हणाले ते ह्या नाण्यामुळे,” तो सांगे. “तोपर्यंत नुसतं ‘आलात का’ म्हणायचे.” प्रत्येक नाणं काकांनी बघून, कागदी पाकिटावर आपल्या हाताने पेन्सिलीने लिहिलं होतं: जहाज, दुहेरी ठसा. आम्ही त्यावर निश्चिंत होतो. काकांनी एकदा सांगितलं की झालं, असंच सारं गाव समजे.

मग वाचनालयाला पन्नास वर्षं झाली. ग्रंथपालांनी तीन दिवसांचं प्रदर्शन ठरवलं आणि मधलं मोठं काचेचं कपाट काकांना दिलं. मध्यभागी जहाजाची अकरा नाणी, खाली छापील पाटी: “या दुर्मिळ नाण्यांचा शोध लावणारे,” आणि पुढे काकांचं पाळण्यातलं नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत. पाटी छापून आली तेव्हा काकांनी ती दोन्ही हातांनी धरली.

“पगाराच्या चिठ्ठीशिवाय माझं नाव कधी कुठे छापलं नव्हतं हो,” ते म्हणाले. काकूने परगावच्या बहिणीला बोलावून घेतलं, आणि काकांसाठी नवा सदरा शिवायला टाकला. शिंप्याला म्हणाली, “माप घ्या, पण अंदाजाने वाढवू नका, हा माणूस वाढत नाही.”

प्रदर्शनाला बारा दिवस राहिले असताना, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला काका माझ्या दारात उभे. बुधवारी ते कधी येत नसत. पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसले.

“बाई, तुमची दोन्ही जहाजं आणा,” ते म्हणाले. “आणि तुमचं मोठं भिंग.”

मी आणली. त्यांनी खिशातून पितळेची एक बोटभर पट्टी काढून टेबलावर ठेवली. निवृत्त झाल्यावरही ते दुकानदारांचे तराजू दुरुस्त करून देत, आणि दुरुस्तीचा महिना व वर्ष अशा पट्टीवर ठोकून ती तराजूला लावत. आकड्यांचे पोलादी छाप आणि लहान हातोडी, एवढंच साधन. कधी छाप हातात सरकतो आणि आकडा बिघडतो. अशी पट्टी ते फेकून देत आणि दुसरी घेत.

“परवा चष्म्याची काडी मोडली,” ते सांगू लागले. “म्हणून आकडा बरोबर उठला का ते भिंगातून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. छाप उचलताना सरकला होता. बघा तुम्ही.”

मी बघितलं. आकड्याच्या एका अंगाला सपाट घसरा पडला होता, जिन्याची एक पायरी असावी तसा. मग त्यांनी माझं पहिलं जहाज भिंगाखाली सरकवलं. आकड्यांच्या शेजारची जी सावली मी सात वर्षं कौतुकाने बघत होते, तीही सपाट होती. पायरीसारखी.

“ठसाच दुहेरी असता,” काका हळू म्हणाले, “तर दोन्ही आकडे गोलसर, उठावदार आले असते, आणि मिळून आकडा जाड दिसला असता. हा बघा, बारीक झालाय. ठसा एकच आहे, चांगला आहे. नाणं पाडून वर उठताना सैल होता म्हणून हलला, आणि ओल्या भिंतीला खांदा घासावा तसा आकड्याची बाजू चेपून गेला. हे कुठल्याही नाण्याचं होतं. दुर्मिळ नाही काही नाही. आणि मी माणूस यंत्रांतला. सैल ठसा मला कळायला नको होता?”

मी म्हणाले, “तुमची खात्री आहे?”

“तेच तर. परत चुकायला नको. एक परीक्षा आहे. खरोखरच ठसा दुहेरी असेल तर त्याची सगळी नाणी अगदी सारखी असणार. आपण अकरा एका ओळीत कधी मांडलीच नाहीत. ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या भिंगातून बघितलं.”

प्रदर्शनासाठी बाकीची नाणी त्यांच्याकडे जमा झालेलीच होती. माझी दोन घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर काकांनी पांढरा कागद पसरला, सगळी जहाजं एकाच दिशेला तोंड करून मांडली. “आम्ही दोघं आधीच ठरवून बसलोय,” काका म्हणाले, म्हणून भिंग काकूने घेतलं. तिने इतक्या वर्षांत एकदाही नाण्याकडे बघितलं नव्हतं. “घरात एकाने वेडं असलं की पुरतं,” असं तिचं म्हणणं. ती पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली.

“अहो, ह्याचं डावीकडे सरकलंय. ह्याचं उजवीकडे. आणि ह्याचं खाली,” ती म्हणाली. “एका आईची लेकरं म्हणता, मग नाकं अशी तीन तऱ्हेची कशी?”

काकूच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तिने भिंग खाली ठेवलं.

“बहिणीला बोलावलंय मी,” ती म्हणाली.

“येऊ दे की,” काका म्हणाले.

त्या दुपारी मी त्यांना माझी एक गोष्ट सांगितली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. पंधरा वर्षं मी वर्गात शिकवत होते की वटवाघूळ आंधळं असतं. मग एकदा शिक्षकांच्या खोलीत एका मासिकात वाचलं, की त्याला चांगलं दिसतं.

“मग काय केलंत?” काकांनी विचारलं.

“पुढच्या वर्षीपासून बरोबर सांगायला लागले. आधीच्या मुलांना नाही सांगितलं. कुणी विचारायला येणार नव्हतं.”

मला वाटलं, आता माझी किंमत कमी झाली. काका म्हणाले, “तुमची मुलं शेकड्यांनी पांगली, बाई. तुम्ही कुठे कुठे जाणार? माझी तर चारच घरं आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून ते त्या चार घरी गेले. बरोबर नाणं, पितळेची पट्टी आणि खोडरबर. माझ्याकडे परत आले ते फक्त पाकिटांसाठी. “दुहेरी ठसा” हे शब्द त्यांनी स्वतः खोडले, कागद फाटू न देता, आणि तिथे लिहिलं: “ठसा हलला. साधं.” खाली तारीख. त्यांच्याऐवजी मी लिहिते म्हटलं तर ऐकलं नाही.

ग्रंथपाल नुसते “अरेरे” म्हणाले. औषधवाल्यांच्या दुकानात मीही बरोबर होते.

“काका, तीन दिवसांचं प्रदर्शन,” औषधवाले म्हणाले. “लोक येणार, आपला हात काचेवर ठेवणार आणि चहा कुठे आहे विचारणार. भिंगातून बघतंय कोण? नंतर सावकाश सांगा की.”

“तुमच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली तर सावकाश सांगाल?”

“त्याने माणूस मरतं हो! नाण्याने कोण मरतंय?”

“मरत नाही. चुकीचं शिकतं.”

औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला. “बरं, खोडा,” ते म्हणाले. “माझी तिन्ही खोडा. पण त्या ड्रायव्हरकडे जरा जपून जा.”

आणि तिथेच बिनसलं. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, पट्टी बघितली, नाणं बघितलं नाही.

“तुम्हीच म्हणालात,” तो म्हणाला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण इतकं हळू की ऐकायला कष्ट पडावेत. “मी कुठे म्हणत होतो? मी तर हे बसच्या तिकिटात देऊन टाकणार होतो. तुम्ही म्हणालात म्हणून चौकट केली. आता सासऱ्यांना काय सांगू?”

“माझं नाव सांग. काका चुकला म्हण.”

“ते सोपं आहे तुम्हाला.”

रविवारी तो आला नाही. काकांनी त्याची खुर्ची ओढून ठेवली होती, बारा वाजता परत भिंतीशी लावली. ते मला म्हणाले, “पाटीचं काही नाही हो. पाटी नसताना बासष्ट वर्षं काढली. पण माझं ऐकून तो एका माणसासमोर ताठ बसायला लागला होता. ते माझ्या शब्दावर उभं होतं, आणि शब्दच पोकळ निघाला. आता मी खरं सांगितलं तरी ते कुणी का ऐकावं?” त्या बारा दिवसांत मला त्यांच्याबद्दल भीती वाटली ती हीच, की हा माणूस आता टेबल बंद करील. एकदा तसं बोललेही. भिंग त्यांनी गळ्यातून काढून खणात ठेवलं होतं.

ग्रंथपालांनी मधलं कपाट पोस्टाच्या तिकिटांना दिलं. काकांना कोपऱ्यातलं, पंख्याखालचं लहान कपाट मिळालं. छापील पाटी बदलायला वेळ नव्हता. काका माझ्याकडे कोरा पुठ्ठा घेऊन आले.

“तुमचं अक्षर सुंदर आहे, बाई. तुम्ही लिहा. लिहा, ही नाणी दुर्मिळ नाहीत. सात वर्षं मी ती दुर्मिळ समजत होतो.”

मी लिहिलं. त्यांनी वाचलं.

“तुम्ही ‘आम्ही’ लिहिलंय. ‘मी’ म्हणालो होतो.”

“मीही समजत होते.”

“माझ्या सांगण्यावरून.”

“सांगणारा एक असला तरी समजणारे सगळे असतात,” मी म्हणाले. “मला विचारा. आणि आता पुठ्ठा एकच आहे, खाडाखोड करणार नाही मी.”

त्यांनी पुठ्ठा घेतला. खाली आम्ही आणखी तीन ओळी लिहिल्या: सैल ठसा कसा ओळखावा, खरा दुहेरी ठसा कसा असतो, आणि शंका आली तर नाणी एका ओळीत मांडून बघावीत. कपाटात अकरा जहाजांशेजारी काकांनी ती पितळेची बिघडलेली पट्टीही ठेवली.

प्रदर्शनाला गर्दी झाली ती तिकिटांभोवती. कोपऱ्यात थोडेच लोक आले. पहिल्या दिवशी मी मोजले, नऊ. पण जे आले ते थांबले. काकांनी नवा सदरा घालून प्रत्येकाला भिंग दिलं, आधी पट्टी दाखवली, मग नाणं, आणि प्रत्येकाला “इथे मी चुकलो” हे तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. काकूची बहीण दोनदा ऐकून गेली. दुसऱ्यांदा ऐकताना काकू शेजारी उभी होती, आणि बहिणीला म्हणाली, “डावं-उजवं मी ओळखलं बरं का.” काकांनी लगेच त्या दिवसापासून तेही सांगायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ड्रायव्हर आला. खाकी कपडे, हातात बसची किल्ली. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ. कुणाशी न बोलता त्याने पाटी वाचली, वरपासून खालपर्यंत. मग भिंगासाठी हात पुढे केला. आपलं नाणं त्याने लगेच ओळखलं, ओळीतलं सातवं. बराच वेळ वाकून बघितलं.

“हलला खरा,” तो म्हणाला.

“हो,” काका म्हणाले.

“सासऱ्यांना सांगितलं काल.”

“काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

“म्हणाले, नाणी काय, बाजारात मिळतात. तुमचा तो माणूस घरी येऊन चूक सांगून गेला? त्याला एकदा घेऊन या.” मग त्याचा मूळचा आवाज परत आला आणि तिकिटांपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. “म्हणजे ‘या बसा’ आता तुम्हालाच! मी आपला दारात!”

“शांतता राखा,” औषधवाले लांबूनच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी दहाला पाच कमी असताना पोचले तर चारही खुर्च्या भरलेल्या होत्या. काकूही आली होती, स्वतःचं भिंग घेऊन. मला स्टूल घ्यावं लागलं. मी त्या स्टुलावर बसून बघत होते आणि मनात येत होतं, की मी उभं आयुष्य शिकवण्यात घालवलं, पण शिकवणाऱ्याने काय करायचं असतं हे मला साठीनंतर एका वजनाच्या यंत्रवाल्याने दाखवलं. त्याचे उपकार कसे फेडतात मला माहीत नाही. परवाच मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, जी आता स्वतः आजी होणार आहे, वटवाघळाबद्दल पत्र टाकलंय. ती मला वेडी म्हणेल. म्हणू दे.

ड्रायव्हरने खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि घोंगडीवर एक पक्ष्याचं नाणं ठेवलं. पक्ष्याच्या पंखाखाली एक बारीक उठावदार रेघ होती, जी तिथे असायला नको.

“बघा. आणि ह्या खेपेला जरा सांभाळून बोला,” तो म्हणाला. “दुधाने तोंड भाजलंय माझं.”

काकांनी भिंग लावलं. नाणं खिडकीकडे नेलं, तिरकं केलं, परत आणलं, काकूला दिलं, तिने मला दिलं, मी औषधवाल्यांना दिलं. मला वाटत होतं ठशाला तडा गेला असावा आणि त्यात धातू शिरून ही रेघ उठली असावी. पण मी काही बोलले नाही.

“माहीत नाही,” काका म्हणाले. “अशी आणखी दोन-तीन शोधा. मग सांगतो.”

ड्रायव्हरने नाणं कडेला धरून पाकिटात घातलं, आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या खिशातली, पिशवीतली सुट्टी नाणी घोंगडीवर ओतली.